कॉपरबँड बटरफ्लाय आणायचा विचार आहे: आयप्टेशिया खाईल की उपाशी मरेल?

ठाणे_खारं

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक (रीफ), ४ × २ × २ फुटी. संप (खालची फिल्टरची टाकी) धरून आणि रॉकची जागा वजा करून पाणी साधारण ४५० लिटर. टँक दीड वर्षाचा आहे. सॅलिनिटी ३५, तापमान २६ (चिलरवर), अल्कलिनिटी ८.३, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०७. मासे: दोन क्लाउन, एक यलो टँग, एक सिक्सलाइन रास. कोरल: दोन हॅमर, एक टॉर्च, तीन अकान, झोआ, थोडं मॉन्टिपोरा. शिवाय दोन फेदर डस्टर (पिसाऱ्याचे नळीकिडे).

चार महिन्यांत आयप्टेशिया (रॉकवर तणासारखी पसरणारी लहान समुद्रफुलं) वाढत वाढत ३५-४० वर गेलेत. बहुतेक मागच्या रॉकच्या कपारीत आणि ओव्हरफ्लोच्या (पाणी संपमध्ये उतरतं त्या खणाच्या) दातांत. काही चिरडून काढले तर तिथे दुप्पट आले. दुकानात ९ सेंमीचा कॉपरबँड (लांब चोचीचा बटरफ्लाय मासा) आहे. जिवंत ब्राइन श्रिंप (बारीक कवचधारी जीव) खातो आणि आठवड्यात आयप्टेशिया साफ करेल, असं सांगतात.

प्रश्न तीन. तो खरंच आयप्टेशिया खातो का? माझ्या कोरलना हात लावेल का? आणि क्वारंटाइनमध्ये (नवा मासा आधी वेगळा ठेवतात त्या टँकमध्ये) परजीवींवरचं औषध म्हणून कॉपर दिलं तर बटरफ्लाय मरतात म्हणे, त्यात तथ्य किती?

---

मीठ_३५

आधी चिरडण्याबद्दल. आयप्टेशिया हे समुद्रफूल आहे आणि त्याच्या तळव्याचा टाचणीएवढा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवीन उगवतं. खरवडणं, चिमट्याने ओढणं, टूथब्रश मारणं म्हणजे लागवडच. ते आजपासून बंद.

आता मासा. कॉपरबँडची चोच चिमट्यासारखी असते ती कपारीतले किडे, बारीक कवचधारी जीव, ट्यूबवर्म ओढून काढायला. आयप्टेशिया त्याच्या जेवणात बसतो, पण ताटात तोच हवा असा त्याचा हट्ट नसतो. काही कॉपरबँड पहिल्या दिवशी सुरू होतात, काही दोन-तीन महिन्यांनी, काही कधीच नाही. सुरू झाला तरी चोच पोचते तिथलेच खातो. ओव्हरफ्लोच्या आतले, संपमधले आणि पाइपातले तुम्हालाच बघावे लागतील. तेव्हा औषध म्हणून हा मासा आणू नका. पुढची काही वर्षं दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालायची तयारी असेल तर मासा म्हणून आणा. आयप्टेशिया खाल्ले तर तो नफा.

कोरलविषयी. मॉन्टिपोराला धोका जवळजवळ नाही. हॅमर-टॉर्च बहुधा सुटतात. अकान आणि झोआंवर चोच मारणारे निघतात, आणि बहुतेक वेळा कारण भूक असतं. फेदर डस्टर मात्र गेलेच समजा. ते त्याचं आवडतं खाणं आहे. पुढेमागे क्लॅम (शिंपला) ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा, कारण त्याच्या मांसल कडेला टोचे बसतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण हा धागा नंतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. बटरफ्लायच्या घराण्यात १३० च्या आसपास जाती आहेत आणि त्यांच्या खाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुकानात मात्र सगळ्यांवर 'बटरफ्लाय' एवढीच चिठ्ठी असते.

कीटोडॉन ट्रायफॅशिअॅलिस, ट्रायफॅशिअॅटस, लुन्युलॅटस, ऑर्नॅटिसिमस, मेयेरी, बॅरोनेसा: हे जिवंत कोरलवर जगतात. ट्रायफॅशिअॅलिस तर मुख्यतः टेबलासारख्या पसरणाऱ्या अॅक्रोपोरावर. दिसायला देखणे, पण घरच्या टँकमध्ये हे हळूहळू उपाशी मरतात. कुठल्याही भावात घेऊ नयेत.

ऑरिगा, लुन्युला (रॅकून), क्लाइनी: खायला चटकन शिकतात, काटक असतात. रॅकून तर आयप्टेशियाचा फडशा पाडतो. पण मागोमाग मऊ कोरल, झोआ आणि पॉलिपही खातात. नुसत्या माशांच्या टँकला उत्तम, रीफला नाही.

रीफला चालतील असे म्हणजे पिरॅमिड (हेमिटॉरिक्थिस पॉलिलेपिस, आणि त्याचा हिंदी महासागरातला काळा भाऊ झोस्टर), लांब चोचीचा पिवळा फॉर्सिपिजर फ्लॅविसिमस, हेनिओकस डायफ्रुटेस, आणि आपला केल्मॉन रोस्ट्रॅटस म्हणजे कॉपरबँड. पिरॅमिड आणि डायफ्रुटेस पाण्यातले तरंगते जीव टिपतात, कोरलकडे ढुंकून बघत नाहीत. पण ते थव्याने राहणारे आहेत, ६ फुटांखालचा टँक त्यांना अपुरा. डायफ्रुटेस म्हणून बऱ्याचदा अक्युमिनॅटस गळ्यात मारतात आणि तो कोरल टोचतो. ओळखायचं तर पाठीच्या पराचे काटे मोजा. डायफ्रुटेसला सहसा १२, अक्युमिनॅटसला ११, आणि डायफ्रुटेसचं तोंड आखूड. हलत्या माशाचे काटे मोजणं अवघड आहे. मोबाइलवर बाजूने फोटो काढून मोठा करून बघा.

तुमच्या टँकला या यादीतले कॉपरबँड आणि फॉर्सिपिजर हे दोनच बसतात. फॉर्सिपिजर खायला सोपा आणि बराच काटक, पण त्याच्यावर आयप्टेशियाची भिस्त ठेवता येत नाही.

---

शेवाळ

४० आयप्टेशियांसाठी २० सेंमीपर्यंत वाढणारा, नाजूक पोटाचा मासा? हत्तीवरून मुंगी मारायला निघाल्यासारखं आहे. चुना लावा की.

लॅब ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात दह्याएवढं घट्ट कालवा. पानाचा चुना नको, डबीत आणखी काय कालवलंय ते कळत नाही. बोथट सुई लावलेल्या सिरिंजमध्ये भरा. सगळे पंप आणि वेव्हमेकर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. सुईने आयप्टेशियाला स्पर्श न करता तोंडावर हळूच १ मिली सोडा आणि पूर्ण झाकून टाका. स्पर्श झाला की तो भोकात ओढला जातो, मग तळवा वाचतो. २० मिनिटांनी पंप चालू.

एका बैठकीत ४५० लिटरला १० ते १२ मिली, त्याहून जास्त नाही. चुन्याने पीएच चढतो. ८.५ च्या वर जायला लागला तर त्या दिवशी थांबा. शेजारी कोरल असेल तर त्याच्यावर पांढरं उडू देऊ नका, जिथे पडेल तिथे ऊतक जळतं. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन फेऱ्या केल्यात की समोरचे संपतात.

मागच्या कपारीतल्यांसाठी पेपरमिंट कोळंबी ५-६. पण नीट बघून घ्या. आपल्याकडे पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप सर्रास विकतात. पाठीला कुबड आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असतील तर तो कॅमल. तो आयप्टेशिया सोडून तुमचे झोआ खाईल.

आणि कॉपरबँड आणलातच तर त्याला कॉपरमध्ये घालू नका. नाजूक मासा आहे. सरळ टँकमध्ये सोडा, कपारीत चरायला मिळालं तर जगतो.

---

मीठ_३५

चुन्याबद्दल पूर्ण सहमत. शेवटच्या परिच्छेदाशी अजिबात नाही.

'कॉपरने बटरफ्लाय मरतो' हे अर्धंच खरं आहे. कॉपरने भूक मरते, आणि जो अजून खायला शिकलेलाच नाही तो त्या भुकेने जातो. शिवाय लोक पहिल्याच दिवशी पूर्ण डोस ओततात. क्रम उलटा केला की हाच मासा कॉपर व्यवस्थित सोसतो. आधी खाणं, मग औषध. सरळ टँकमध्ये सोडलात आणि त्याच्यासोबत वेल्व्हेट (जीवघेणा परजीवी रोग) आला तर चार दिवसांत टँगसकट सगळे जातील. मग रीफमध्ये कॉपर टाकता येत नाही आणि दगडांच्या जंगलातून मासे पकडताही येत नाहीत.

क्वारंटाइन असा लावा.

३ फूट लांबीचा, १०० लिटरच्या आसपासचा टँक. तळाला काही नाही, वाळू नाही, रॉक नाही. अॅरागोनाइट वाळू आणि रॉक कॉपर शोषून घेतात, आकडा रोज घसरतो आणि आपण वेड्यासारखे डोस वाढवत बसतो. लपायला ४ इंची पीव्हीसीचे एल्बो तीन-चार. एकाचं तोंड भिंतीकडे करा, नाहीतर मासा दिवसभर आपल्याकडे बघून बिचकतो. संपमध्ये किमान महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर २६ वर. तीन बाजूंना काळा कागद. अमोनिया दाखवणारा बिल्ला काचेवर चिकटवून ठेवा.

सॅलिनिटी मासा यायच्या आधीच दुकानाएवढी करा. दुकानातलं पाणी विशिष्ट गुरुत्वात बऱ्याचदा १.०१८ ते १.०२२ मध्ये असतं (तुमचं ३५ म्हणजे १.०२६), निघण्यापूर्वी फोन करून विचारा. पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, उघडा, मासा डब्यात घेऊन सरळ सोडा. तास-दोन तास थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. थेंबाथेंबाने आपण माशाला त्यातच भिजत ठेवतो. नंतर सॅलिनिटी रोज ०.००१ ते ०.००२ ने चढवत १.०२६ वर न्या.

पहिला आठवडा औषध नाही, फक्त खाणं. अपवाद एकच. श्वास धापा टाकल्यासारखा, हवेच्या बुडबुड्यांच्या झोतात तोंड घालून उभा, उजेड टाळतोय, अंगावर पिठासारखी धूळ. हा वेल्व्हेट आहे, इथे वाट बघायची नाही. गोड्या पाण्यात ५ मिनिटं बुडवा (आरओचं पाणी, तापमान आणि पीएच टँकएवढं, आत एअर स्टोन) आणि त्याच दिवशी कॉपर सुरू.

मासा गोठवलेलं खायला लागला की प्राझिक्वांटेल. बटरफ्लायना फ्लूक, म्हणजे चपटे परजीवी किडे, फार लागतात. २.५ मिग्रॅ प्रति लिटर, म्हणजे १०० लिटरला २५० मिग्रॅ शुद्ध पावडर. ती पाण्यात विरघळत नाही, थोड्या व्होडकात विरघळवून मग टाका. अल्कोहोलमुळे जिवाणू वाढून ऑक्सिजन ओढतात, म्हणून हवा दुप्पट करा. ७ दिवसांनी दुसरा डोस, कारण अंड्यांवर प्राझीचा परिणाम होत नाही, त्यातून निघालेली पिल्लं दुसऱ्या डोसला सापडतात. प्रत्येक डोसनंतर तिसऱ्या दिवशी २५ टक्के पाणी बदला.

मग कॉपर. चिलेटेड प्रकार घ्या, आयॉनिकपेक्षा सौम्य असतो. पहिल्या दिवशी १.० पीपीएम, मग रोज ०.२५ वाढवत २.२५ पर्यंत. खाणं कमी झालं तर त्या पायरीवर दोन दिवस थांबा. २.० च्या वर गेल्यापासून ३० दिवस मोजा. मधे एकदाही २.० खाली उतरलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रंगपट्टीच्या टेस्टने हे काम होत नाही. हॅना कंपनीचा कॉपर चेकर घ्या, पण हाय रेंजचा. लो रेंजचा १ पीपीएमच्या आतच संपतो.

एक धोका ठळक करून सांगतो. कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारं कंडिशनर टाकू नका. ते कॉपरचं रूप बदलून ते जास्त विषारी करू शकतं. अमोनिया दिसला तर पाणी बदला, आणि नवीन पाण्यात आधी तेवढंच कॉपर मिसळून घ्या.

जाता जाता, कॉपरबँड हे नाव अंगावरच्या तांबूस पट्ट्यांमुळे पडलंय. औषधाशी त्याचा काही संबंध नाही. हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतं.

---

तिसरी_गल्ली

वर 'आधी खाणं' एवढं म्हणून मीठ_३५ पुढे गेलेत, पण सगळी मेख तिथेच आहे. त्यावर सविस्तर लिहिते.

दुकानदार म्हणतोय ब्राइन खातो. ब्राइन म्हणजे चुरमुरे. मोठ्या ब्राइनमध्ये पाणीच जास्त. दिवसभर खाऊनही मासा खंगतो. तुम्ही दुकानात गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारखा बारीक जीव) क्यूब मागा, पंप बंद करायला सांगा आणि पाच मिनिटं काचेसमोर उभे राहा. नुसती चोच लावून थुंकतो की गिळतो ते बघा. गिळत असेल तर अर्धी लढाई जिंकलीत. नसेल तर पैसे भरून मासा आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा.

अंगही बघा. बाजूने सगळेच कॉपरबँड छान दिसतात, समोरून बघायचं. डोळ्यांच्या वर, डोक्यामागे पाठ भरलेली हवी. तिथे सुरीच्या धारेसारखी झाली असेल तर अंगातलं मांस जळायला लागलंय, तो मासा सहसा परत येत नाही. पोट खपाटीला गेलेलं एक वेळ चालेल, ते खाण्याने भरतं. चोचीचं टोक लाल किंवा सोललेलं नको, त्या तोंडाने तो खाणार कसा? दोन्ही बाजूंचे कल्ले सारखे हलायला हवेत. आकार ७ ते १० सेंमी बरा. याहून लहान असले तर उपास सोसत नाहीत, फार मोठे नव्या खाण्याला शिवत नाहीत. तुमचा ९ सेंमीचा त्या हिशेबाने ठीक. परांवर फुलकोबीसारखे पांढरे गाठोळे दिसले तर घाबरू नका, तो लिम्फोसिस्टिस, विषाणूचा प्रकार आहे. खाणं आणि पाणी नीट असेल तर बहुधा आपोआप जातो. व्हाइट स्पॉट (परजीवी रोग) समजून त्याच्यावर औषधं ओतू नका.

कुठून आलाय तेही विचारा. ऑस्ट्रेलियाचे महाग पडतात पण जाळ्याने धरलेले असतात. फिलिपिन्स-इंडोनेशियात सायनाइडची फवारणी बंदी असूनही होते, आणि त्यातला मासा बाहेरून धडधाकट दिसतो.

आता तिसऱ्या. परदेशी लोक 'क्लॅम ऑन द हाफ शेल' म्हणून ज्याचं कौतुक करतात ते आपल्या मासळी बाजारात वाट्याने मिळतं. मध्यम आकाराच्या, अडीच-तीन सेंमीच्या, जिवंत घ्या. टिचकी मारल्यावर मिटणारी जिवंत, आ वासून राहिलेली टाकून द्या. खाडीच्या तोंडाशी नाले सुटतात तिथल्या नकोत, घाण गाळून पोटात साठवणं हाच त्या जिवाचा धंदा आहे. घरी आणून टँकमधून काढलेल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात तीन-चार तास ठेवा, वाळू सोडतील. मग पाणी निथळून पिशवीत भरून फ्रीझरला किमान ४८ तास. त्याने परजीवी मरतात. जिवाणू सगळे मरत नाहीत, म्हणून बर्फ सुटलेली तिसरी परत गोठवायची नाही.

द्यायच्या वेळी सुरीने सांध्यातून उघडा. मांस चिकटलेला अर्धा शिंपला ठेवा, रिकामा बाजूला काढा, पण फेकू नका, पुढे लागेल. आरओच्या पाण्याने एकदा धुवा. टँकच्या तळावर आडवा ठेवला तर मासा वरून घिरट्या घालतो. एल्बोच्या कडेला उभा अडकवा, मांसाची बाजू उघड्याकडे. याला कपारीत समोरून चोच घालायची सवय असते. पहिल्यांदा अर्धा दिवस तो नुसता बघत बसेल. बसू दे. दोन तासांनी शिंपला बाहेर, खाल्लेला असो वा नसो. १०० लिटरमध्ये एक विसरलेली तिसरी रात्रीत अमोनिया चढवते.

मग हळूहळू फसवायचं. तो तिसरी चोखून खायला लागला की तिच्या मांसावर बोटाने मायसिस दाबून बसवा. दोन-तीन दिवसांनी तो ठेवलेला रिकामा शिंपला घ्या आणि त्यात मायसिस नि २ मिमी बारीक चिरलेली सोललेली कोळंबी थापून द्या. मासा शिंपल्याचा आकार ओळखून येतो आणि आतलं खातो. पुढच्या टप्प्याला शिंपल्याच्या वरून पिपेटने मायसिस सोडा, पडता पडता टिपायला लागेल. याला कधी पाच दिवस लागतात, कधी तीन आठवडे.

ओला जवळा मिळाला तर सोडू नका. मीठ न लावलेला, त्याच दिवशीचा. धुवून पिशवीत पातळ पसरून गोठवा, लागेल तेवढी चकती मोडायची. आकार जवळपास मायसिसचा आणि किंमत त्याच्या पासंगालाही नाही. सुकट मात्र नको. वाळून कडक झालेलं तरंगतं आणि कॉपरबँड तरंगणाऱ्या सुक्या खाण्याकडे वळत नाही.

नुसत्या तिसऱ्यांवर महिनोन्‌महिने ठेवू नका. बऱ्याच शिंपल्यांच्या मांसात थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. गोठवून ते जात नाही. निम्म्याहून जास्त खाणं मायसिस-कोळंबीचं हवं, आठवड्यातून दोनदा जीवनसत्त्वात भिजवून.

किती वेळा? क्वारंटाइनमध्ये पाच-सहा वेळा, चिमूट चिमूट. मुख्य टँकमध्ये कायमचं तीन-चार वेळा. पोट लहान, चरणं दिवसभर. एकदाच भरपूर घातलं तर तो चार घास खातो आणि बाकीचं फॉस्फेट होतं.

अजून एक. तुमच्याकडे आयप्टेशिया आहेतच, तर त्यांचा उपयोग करा. आयप्टेशिया असलेले लिंबाएवढे दोन-तीन रॉकचे तुकडे क्वारंटाइनमध्ये पहिल्या आठवड्यात ठेवा. ओळखीचं खाणं दिसलं की चोच चालू होते, आणि हा मासा आयप्टेशिया खाणारा आहे का, तेही तिथेच कळेल. कॉपरच्या आधी मात्र ते काढून घ्या, आणि ते तुकडे परत रीफमध्ये टाकू नका, क्वारंटाइनच्या पाण्यातले आहेत.

---

ठाणे_खारं

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानात मायसिसची चाचणी घ्यायला सांगितलंय. हिशेब केला तर ७-८ आठवडे क्वारंटाइनमध्येच जातात, तोवर चुना सुरू करतो.

अजून दोन गोष्टी. यलो टँग आणि सिक्सलाइन याला राहू देतील का? आणि मालवणला स्नॉर्केल करताना बटरफ्लाय दिसतात, तिथले एखादे आणलेले चालतात का, असं घरून विचारणा आहे. (मी नाही विचारत.)

---

शेवाळ

घरच्यांना सांगा, नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नसतं. प्रवाळाचा तुकडाही नाही. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तुमच्या हॅमर-अकानची आयातीची पावती जपून ठेवा तीही त्यासाठीच. आणि आपल्या किनाऱ्यावर दिसणारा लाल शेपटीचा कोलारे बटरफ्लाय पॉलिप खाणारा आहे. तुमच्या अकानचं वाटोळं करेल.

कॉपरच्या बाबतीत वरचं वाचून मत थोडं बदललं. 'खायला लागल्यावर, हळूहळू' या अटीवर मान्य.

---

मीठ_३५

टँग त्रास देईल, हे धरून चाला. उभट चपटं अंग आणि पिवळा रंग, त्याला हा भाऊबंद वाटतो. सिक्सलाइन तर जुना झाला की नव्या कुठल्याही लाजाळू माशाच्या मागे लागतो. कॉपरबँड भांडत नाही, कोपऱ्यात जातो आणि खाणं सोडतो. मार लागून मरण्याआधी उपासाने मरतो.

उपाय: भोकं असलेला अॅक्रिलिकचा डबा, किमान ३० × २० × २० सेंमी, काचेला आतून चुंबकाने लावायचा. क्वारंटाइन संपलं की कॉपरबँड ७ ते १० दिवस त्या डब्यात. आत एक एल्बो ठेवा. टँग पहिले दोन दिवस काचेवर शेपटी आपटेल. आपटू दे. त्याचा रस संपला आणि कॉपरबँड डब्यात बिनधास्त खातोय, या दोन्ही गोष्टी दिसल्यावरच सोडा, तेही रात्री दिवे मालवल्यावर. सोडण्याआधी दोन-चार रॉक हलवून जागा बदला, म्हणजे टँगचा इलाका मोडतो. सिक्सलाइन दहा दिवसांनंतरही डब्याभोवती फिरत असेल तर त्याला बाहेर काढा.

खायला घालताना जलद माशांना टँकच्या एका टोकाला गुंतवा, टँगला तिथेच नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी लावा. कॉपरबँडला दुसऱ्या टोकाला पिपेटने कपारीत द्या, आणि प्रवाह दहा मिनिटं कमी करा. त्याला मायसिसच्या मागे धावता येत नाही. तो तुकड्यासमोर थांबतो, एक डोळा फिरवून बघतो, मगच टिपतो. तेवढ्यात क्लाउन तो घेऊन गेलेला असतो.

दुसरा कॉपरबँड कधीही आणू नका, दोघांचं जमत नाही.

---

ठाणे_खारं

फेदर डस्टर वाचवायचे आहेत. आणि त्याने अकान टोचायला सुरुवात केली तर? तो पकडायचा कसा?

---

तिसरी_गल्ली

फेदर डस्टर मासा यायच्या आधीच संपमध्ये हलवा. पिसारा आत ओढला गेला की नळी बुडापासून सोडवा. ओढू नका, नळी फाटली तर आतला किडा बाहेर पडतो. रॉकला चिकटली असेल तर रॉकचा तुकडा तोडून सकट न्या. संपमध्ये मंद प्रवाहाच्या जागी ठेवा आणि आठवड्यातून दोनदा फायटोप्लँक्टन द्या. पहिल्या आठवड्यात पिसारा झडला तरी फेकू नका, जागा बदलली की ते झाडतात आणि पुन्हा उगवतात.

अकानचं असं की कॉपरबँड त्यावर वाकून बघतो तेव्हा बऱ्याचदा वर सांडलेलं मायसिस उचलत असतो. अकान फुगलेला राहिला तर काही झालेलं नाही. मांसात टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले, किंवा दोन दिवस मिटलेलाच राहिला, तर तो खातोय. आधी दिवसाच्या खाण्यात दोन वेळा वाढवा. आठवड्यात फरक पडला नाही तर अकान जाळीच्या टोपलीखाली, किंवा मासा बाहेर.

पकडायला जाळं घेऊन मागे लागू नका, रॉक मोडतील. तो अॅक्रिलिकचा डबा टँकमध्येच राहू द्या, दार उघडं, आणि मासा सोडल्यावरही आठवड्यातून एकदा अर्धी तिसरी त्याच डब्यात द्या. दाराला मासेमारीची दोरी बांधून बाहेर आणून ठेवली की झालं. दोरी नायलॉनची, मधे शिसं नको. आणि दार लावायच्या आधी टँग आत नाही ना, ते बघा. तिसरी त्यालाही आवडते.